घर आपले, सही कोणाची?

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या जुन्या सहकारी सोसायट्यांत आज जी पिढी वार्धक्याला टेकली आहे, तिची आयुष्यभराची पुंजी बहुतांशी एकाच ठिकाणी साठलेली आहे, ते म्हणजे राहते घर. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, कचेरीचे कर्ज आणि प्रसंगी गृहिणीच्या पाटल्या यांतून उभ्या राहिलेल्या त्या दोन खोल्यांची किंमत आज कोटीत बोलली जाते. महिन्याची आवक मात्र निवृत्तिवेतन आणि मुदत ठेवींचे व्याज एवढीच. अशा घरात कोणाला अर्धांगवायूचा झटका येतो, कोणाचा खुबा मोडतो, कोणाला स्मृतिभ्रंश जडतो आणि ब्युरोतून दिवसपाळी-रात्रपाळीच्या मावशी येऊ लागतात. समजा, सगळा मिळून महिन्याला ४० हजार रुपये खर्च आला, तर पाच वर्षांत तो २४ लाखांवर जातो. भिंतींत अडकलेल्या कोटीतून मावशींचा पगार देता येत नाही, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

‘आमचा आरोग्यविमा आहे’ असे वाचक आश्वस्तपणे सांगतात. त्यांनी आपली पॉलिसी काढून ‘रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन अँड रेस्पाइट केअर’ या शीर्षकाचे कलम वाचावे. विमा नियामकाने प्रमाणित केलेल्या या वगळणुकीनुसार अंघोळ घालणे, कपडे बदलणे, उठवणे-बसवणे अशा स्वरूपाची शुश्रूषा, मग ती घरी असो वा शुश्रूषागृहात, विम्याच्या बाहेर राहते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या सर्वांसाठी सुरू झालेली आयुष्मान वय वंदना योजना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचा भार उचलते. अवश्य घ्यावी अशीच ती आहे. परंतु घरी पडून असलेल्या रुग्णाची रोजची उठबस तिच्यातही बसत नाही. म्हणजे हा खर्च आपला आपणच करावयाचा आहे, आणि त्यासाठीची मिळकत म्हणजे ते घर.

इथे परदेशी असलेल्या मुलांकडून एक सल्ला हमखास येतो : ‘आई, घर आत्ताच आमच्या नावावर करून टाक.’ सल्ल्यामागचा हेतू वाईट नसतो. अमेरिकेत शुश्रूषागृहाचा दीर्घकालीन खर्च ‘मेडिकेड’ या सरकारी योजनेतून मिळवायचा, तर अर्जदाराची मिळकत अगदी मर्यादित असावी लागते आणि अर्जापूर्वीच्या ६० महिन्यांत कोणाला काय देऊन टाकले याची तपासणी होते. त्यामुळे तेथील वकील मालमत्ता वेळेत हस्तांतरित करण्याचे नियोजन सुचवतात. न्यू जर्सीत बसून हे ऐकलेला मुलगा तेच मुलुंडला सुचवतो. पण आपल्याकडे अशी योजनाच नाही. घर देऊन टाकल्याने सरकार आपल्या मावशींचा पगार देणार नाही. हातचे एकमेव साधन तेवढे जाईल.

महाराष्ट्रात हा मोह अधिकच स्वस्त झाला आहे. राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी वा नातवंडे यांना बक्षीस द्यावयाचे झाल्यास मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. त्यावरील अधिभार निराळे. मात्र एकदा नोंदवलेले बक्षीसपत्र मनात आले म्हणून मागे घेता येत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणासंबंधीच्या २००७च्या कायद्यातील कलम २३ हा त्यावरचा उतारा आहे. देखभालीच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. येथे ‘अट’ हा शब्द कळीचा आहे. ६ डिसेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अशी अट असल्याचे दिसल्याशिवाय हे कलम लागू होत नाही. त्यानंतर २ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातील एका मातेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचला, मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द केले आणि ताबा तिला परत देवविला. तिच्या हाती देखभालीचे लेखी वचनपत्र होते, हे विसरू नये.

म्हणून बक्षीसपत्र करणे अगदीच भाग पडले, तर त्यात तहहयात राहण्याचा हक्क, औषधोपचार व शुश्रूषेच्या खर्चाची जबाबदारी आणि ती टाळल्यास पत्र रद्द होण्याची अट, या तिन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहून घ्याव्यात. ‘प्रेमापोटी’ एवढाच मजकूर असलेला दस्त घेऊन नोंदणी कार्यालयात जाऊ नये. आणखी एक हिशेब सांगतो. हेच न्यायाधिकरण मुलांकडून जो मासिक चरितार्थ देववू शकते, त्याची कायद्यातील कमाल मर्यादा १० हजार रुपये आहे. वरच्या ४० हजारांशी तो आकडा ताडून पाहावा. घर स्वतःच्या नावावर ठेवून ते मृत्युपत्राने देणे, हाच माझ्या मते सर्वसाधारण कुटुंबासाठी योग्य मार्ग आहे.

एवढे करूनही एक धोका उरतो, आणि तो अनुदार मुलांपेक्षा मला अधिक गंभीर वाटतो. मालक हयात आहे, मालमत्ता त्याच्याच नावावर आहे, मुले प्रेमळ आहेत. पण सही करण्याइतकी समज त्याच्यात उरलेली नाही.

बहुतेक कुटुंबे यावर उपाय म्हणून मुखत्यारपत्र करून ठेवतात आणि निर्धास्त होतात. परंतु १८७२च्या करार कायद्यातील कलम २०१ सांगते की, मुखत्यारी देणाऱ्याची मनःस्थिती विकल झाली की मुखत्यारी संपते. ज्या दिवसासाठी कागद केला, नेमक्या त्याच दिवशी तो निर्जीव होतो. काही देशांत समज गेल्यानंतरही टिकणारे मुखत्यारपत्र करता येते. आपल्या कायद्यात त्याची तरतूद नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार आपल्याला प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांच्या निर्णयापुरता. मालमत्तेवर त्याचा अधिकार चालत नाही.

मग कुटुंबाने जावे कोठे? मुंबईतील एका पत्नीला थेट उच्च न्यायालयात जावे लागले. हृदयक्रिया बंद पडल्यानंतर तिचे पती बेशुद्धावस्थेतच राहिले होते. खाती त्यांच्या नावावर, मिळकत त्यांच्या नावावर, आणि उपचारांचा खर्च रोजचा. बेशुद्धावस्थेतील प्रौढ व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा कायदाच नसल्याने मुंबई उच्च न्यायालयाने २७ ऑगस्ट २०२०च्या निकालात घटनेच्या अनुच्छेद २२६ खालील आपला अधिकार वापरला आणि पत्नीची पतीची पालक म्हणून नियुक्ती केली. देखरेखीचे काम राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे सोपवले. तत्पूर्वी केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशाच प्रकरणात घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे त्यास आधारभूत ठरली. दार उघडे आहे, हे या निकालाने दाखवले. पण वैद्यकीय अहवाल, मालमत्तेची यादी, वकिलाचे शुल्क आणि प्रतीक्षा हे सारे पार करून त्या दारापर्यंत पोहोचावे लागते.

उपनगरांत या अडचणीला सध्या एक निराळी धार आली आहे, ती पुनर्विकासाची. बोरिवली असो वा घाटकोपर, जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याचा सपाटा चालू आहे. सोसायटीने ठराव केला तरी पर्यायी जागेच्या करारावर त्या त्या सभासदाची सही हवी आणि त्याची नोंदणीही हवी. घर पतिपत्नी दोघांच्या नावावर असेल आणि त्यांपैकी एकाला स्मृतिभ्रंश असेल, तर दुसऱ्याची एकट्याची सही पुरत नाही. भाडे, कॉर्पस, नवे घर, सारेच अडून बसते. शेजारीही कुरकुरू लागतात.

यावर उपाय आहे, पण तो वेळेवर केला तरच. स्मृतिभ्रंशाचे निदान प्रारंभीच्या अवस्थेत झाले, तर त्या टप्प्यावर बहुतेकदा व्यवहाराची समज शाबूत असते. औषधांच्या चिठ्ठीबरोबरच त्याच महिन्यात कागदपत्रांचा विषय काढावा. वर मी बक्षीसपत्राविरुद्ध एवढे लिहिले. त्याचा एक सदुपयोग येथे आहे. आजारी जोडीदाराने समज असतानाच आपला हिस्सा निरोगी जोडीदाराच्या नावे केला, तर पुढील सर्व व्यवहार एका सहीवर होऊ शकतात. सहीच्या दिवशीचे, समज शाबूत असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र मात्र दस्तासोबत जपून ठेवावे. ज्यांना मूलबाळ नाही किंवा मुले दूर आहेत, त्यांनी ठेवींपुरता खाजगी न्यास करण्याचा विचार वकिलाशी बोलून करावा. विश्वस्तांचा अधिकार आपल्या स्मरणशक्तीबरोबर विझत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

आता मृत्युपत्राकडे वळू. ‘सोसायटीत नॉमिनेशन केले आहे, मग मृत्युपत्र कशाला?’ हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मिळकतीसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी निःसंदिग्धपणे सांगितले की, समभागांच्या नामनिर्देशनाने नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, वारसाहक्क मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच ठरतो. घराच्या बाबतीतही वारसांचा निर्णय होईपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती ही तात्पुरती सभासद असते.

शुश्रूषा करणाऱ्यांच्या दृष्टीने याला विशेष अर्थ आहे. हिंदू पुरुषाने मृत्युपत्र केले नसेल, तर त्याच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांना समान वाटा मिळतो. जिने नोकरी सोडून आठ वर्षे वडिलांची पथ्ये सांभाळली ती मुलगी आणि दिवाळीला फोन करणारा भाऊ, कायद्याच्या लेखी दोघे सारखेच. वडिलांना हे मान्य नसेल तर त्यांनी तसे लिहून ठेवले पाहिजे : कोणाला अधिक, आणि का. कारण लिहिल्याने भावंडांतील कटुता पुष्कळ कमी होते. दोन साक्षीदार लाभार्थ्यांबाहेरचे असावेत. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. शुश्रूषा करणाऱ्याने खर्चाची वही ठेवावी. मावशींचे पगार, औषधे, भाड्याचा पलंग यांत स्वतःच्या खिशातून गेलेला पैसा तारखेनिशी लिहावा आणि अधूनमधून भावंडांना दाखवावा. हिशेब ठेवणे म्हणजे प्रेमात खोट, असे आपल्याकडे उगाचच मानले जाते.

घर न विकता त्यातून पैसा काढण्याचा मार्ग म्हणजे रिव्हर्स मॉर्गेज. राष्ट्रीय आवास बँकेची ही योजना २००७ मध्ये आली. साठी ओलांडलेल्या मालकाला राहत्या घराच्या तारणावर जास्तीत जास्त २० वर्षे बँक ठरावीक रक्कम देते, पतिपत्नीला तहहयात तेथेच राहता येते आणि मिळणाऱ्या रकमेवर प्राप्तिकर नाही. दोघांच्या पश्चात वारसांनी कर्ज फेडून घर सोडवावे, अन्यथा बँक ते विकून उरलेली रक्कम वारसांना देते. आपल्याकडे ही योजना रुजली नाही; वडिलार्जित घर गहाण पडण्याची लाज त्याला कारण असावी. सोसायटीच्या जमिनीचे अभिहस्तांतरण झालेले नसेल तर बँक अडखळू शकते, हेही खरे. तरीही जिथे दुसरे साधन नाही तिथे निदान चौकशी करावी. त्याहून सोपा मार्ग म्हणजे मोठे घर विकून लहान घेणे. तोही पायात बळ आहे तोवरच.

शेवटी बँकेविषयी. खाती ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीची करावीत आणि मुदत ठेवी मुदतीपूर्वी मोडण्याचा अधिकारही त्याच वेळी लेखी देऊन ठेवावा. शरीर थकले पण समज शाबूत आहे, अशा ग्राहकासाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत. सही करता येत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. तो बँकेच्या परिचयाच्या दोन साक्षीदारांनी ओळखावा लागतो आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तरीपुढील ग्राहकांना घरपोच सेवा देण्याच्याही सूचना आहेत. शाखेत कोणी ‘असे काही नसते’ म्हणाले, तर तेच उत्तर लेखी मागावे.