मेरी कोम यांना घडवणारा रस्ता

आपल्याकडे खेळाडूंविषयी लिहिताना त्यांच्या कौशल्यापेक्षा त्यांच्या हालअपेष्टांचीच चर्चा अधिक होते. खेळाडू गरीब घरातील, दुर्गम प्रदेशातील आणि त्यातही स्त्री असेल, तर मग विचारायलाच नको. मेरी कोम यांच्या वाट्याला हे कौतुक भरभरून आले. शेतात राबणाऱ्या आईवडिलांची मुलगी, जुळ्या मुलांच्या जन्मानंतर पुन्हा रिंगणात उतरलेली आई, ही त्यांची प्रतिमा देशाला तोंडपाठ आहे. ती खोटी नाही. मात्र त्या प्रतिमेच्या झगमगाटात दोन गोष्टी झाकल्या जातात. एक म्हणजे त्यांची कला आणि दुसरी म्हणजे ती कला जिथे घडली ती भूमी.

आधी कलेविषयी. महिलांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 2001 मध्ये अमेरिकेतील स्क्रँटन येथे झाली. तीत मेरी कोम यांनी रौप्यपदक मिळवले. त्यानंतर 2002, 2005, 2006, 2008 आणि 2010 अशा सलग पाच स्पर्धांत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. सहावे सुवर्ण 2018 मध्ये दिल्लीत आले, तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. पुढच्या वर्षी कांस्यपदक मिळवून त्यांनी जागतिक पदकांची संख्या आठवर नेली आणि क्युबाच्या फेलिक्स सॅव्हॉन यांचा सात पदकांचा विक्रम मागे टाकला.

या आकड्यांमागची अडचण समजून घेतली पाहिजे. त्यांची जागतिक सुवर्णपदके 45, 46 आणि 48 किलो गटांतील आहेत. ऑलिंपिकने मात्र 2012 मध्ये महिला मुष्टियुद्धाला प्रथमच दार उघडले, तेव्हा केवळ तीन वजनी गट ठेवले आणि त्यांतील सर्वांत खालचा गट 51 किलोचा होता. म्हणजे ज्या वजनात त्या जगात अजिंक्य होत्या, ते वजन ऑलिंपिकमध्ये नव्हतेच. आपल्याहून उंच आणि मूळच्याच वजनदार प्रतिस्पर्ध्यांशी लढून त्यांनी लंडनचे कांस्यपदक मिळवले.

ठेंगण्या मुष्टियोद्ध्यापुढचा प्रश्न साधा आणि निष्ठुर असतो. समोरच्याचा हात आपल्यापर्यंत पोहोचतो, आपला त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मेरी कोम यांचे उत्तर त्यांच्या पायांत होते. अर्धे पाऊल मागे घेऊन प्रतिस्पर्ध्याला पुढे यायला लावायचे, तिचा ठोसा हवेत जाऊ द्यायचा, त्या क्षणी आत शिरून दोन-तीन ठोसे लगावायचे आणि तिने सावरण्याआधी बाजूला सरकायचे. दिल्लीतील 2018 च्या अंतिम लढतीत युक्रेनची हन्ना ओखोटा वयाने कितीतरी लहान आणि उंचीने अधिक होती, तरी पाचही पंचांनी कौल मेरी कोम यांनाच दिला. दरम्यानच्या काळात गुण देण्याची पद्धतही बदलली होती. एका पद्धतीत निष्णात झालेल्या खेळाडूने दुसरीतही जिंकावे, याला जिद्द म्हणून भागत नाही; त्याला विद्या म्हणावे लागते.

ही विद्या आली कुठून? मणिपूरच्या चुराचांदपूर जिल्ह्यातील कांगाथेई हे मेरी कोम यांचे गाव. 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत इम्फाळच्या डिंको सिंह यांनी सुवर्णपदक जिंकले आणि मणिपुरातील अनेक मुलांप्रमाणे या मुलीनेही हातमोजे घालायचे ठरवले. पंधराव्या वर्षी ती घर सोडून इम्फाळला आली. कोसना मैतेई यांनी तिला पहिले धडे दिले. पुढे खुमान लंपाक संकुलात नरजित सिंह यांनी तिला तयार केले. डिंको मैतेई, प्रशिक्षक मैतेई आणि शिष्या डोंगरातील छोट्याशा कोम जमातीची. 2006 मध्ये दिल्लीत मेरी कोम यांच्याबरोबरच जागतिक विजेती ठरलेली सरिता देवीही मैतेईच.

मे 2023 पासून नेमका हाच रस्ता तुटला. मैतेई आणि कुकी-झो समाजांतील हिंसाचारात दोनशेहून अधिक माणसे मारली गेली, हजारो कुटुंबे छावण्यांत गेली आणि डोंगर व खोरे यांच्यामध्ये सुरक्षा दलांचे पहारे उभे राहिले. आपले राज्य जळते आहे, मदत करा, अशी हाक मेरी कोम यांनी पहिल्याच दिवसांत समाजमाध्यमावर दिली. काही महिन्यांनी त्यांनी केंद्रीय गृहमंत्र्यांना पत्र लिहून कोम गावांना संरक्षण मागितले. दोन्ही बाजूंच्या संशयात सापडलेल्या लहान जमातीची ती व्यथा होती. ज्या स्त्रीला देशाने राज्यसभेवर नेले, पद्मविभूषण दिले, तिची ही हाक देशाने किती गांभीर्याने ऐकली, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

मेरी कोम यांना देव्हाऱ्यात बसवण्याची गरज नाही. 2019 मध्ये निखत झरीनने ऑलिंपिक पात्रतेसाठी निवड चाचणीची रास्त मागणी केली, तेव्हा त्यांचे वागणे मोठेपणाला शोभणारे नव्हते. चाचणी त्यांनी 9-1 अशी जिंकली, पण लढतीनंतर तरुण प्रतिस्पर्धीशी हस्तांदोलन केले नाही. त्याच निखतने पुढे 2022 आणि 2023 मध्ये जागतिक विजेतेपद मिळवले. विजेत्याचा वारसा त्याच्या पदकांत नसतो, तर त्याच्यामागून येणाऱ्यांसाठी दार किती उघडे राहते यात असतो, हे त्या प्रसंगानेही दाखवून दिले.

त्या कसोटीवर आज दिल्लीचीही परीक्षा आहे. नवी क्रीडा संकुले बांधणे आणि पदकविजेत्यांना पुरस्कार देणे तुलनेने सोपे असते. चुराचांदपूरच्या पंधरा वर्षांच्या मुलीला निर्भयपणे इम्फाळची बस पकडता यावी आणि तिथल्या मैतेई गुरूने तिच्या जमातीऐवजी तिच्या पायांची हालचाल पाहावी, ही व्यवस्था पुन्हा उभी करणे कठीण आहे. त्यासाठी राजकीय संवाद हवा, विस्थापितांचे पुनर्वसन हवे, गुन्हेगारांना शिक्षा हवी. 1990 च्या दशकाच्या अखेरीस, बंडखोरीने ग्रासलेल्या मणिपुरातही, तो रस्ता चालू होता. तो आपल्या डोळ्यांदेखत बंद पडला असेल, तर मेरी कोम यांच्या पदकांवर अभिमान सांगण्याचा आपला हक्क तेवढाच उणा होतो.