दारू सोडवणारी संध्याकाळ

खेळावरच्या आपल्या चित्रपटांत व्यसन सुटायला साधारण एका गाण्याएवढा वेळ लागतो. पहिल्या कडव्यात पोरगा धापा टाकतो, दुसऱ्यात घाम गाळतो आणि गाणे संपेपर्यंत पुडी, चिलीम, बाटली सगळे मागे पडलेले असते. भक्तिपटांना तेवढाही वेळ लागत नाही; दारुड्याने देवळाच्या पायरीवर डोके टेकले की काम झाले. भंडारा जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला मात्र ही दोन्ही चित्रे पटू नयेत. श्रद्धेच्या आधाराने दारू सोडलेली माणसे त्याच्या गावात, बहुधा त्याच्या गल्लीतच राहतात आणि त्यांनी ती कशी सोडली हे त्याने जवळून पाहिलेले असते. त्यात चमत्काराचा भाग थोडा आणि वेळापत्रकाचा फार. श्रद्धा आणि खेळ या दोहोंत व्यसन सोडवण्याची ताकद आहे, पण ती एकाच कारणाने: दोन्ही माणसाची संध्याकाळ ताब्यात घेतात आणि त्याच्या सोबतीची माणसे बदलतात. हे ओळखले तर आपले चित्रपट अधिक खरे होतील आणि व्यसनमुक्तीचे सरकारी धोरणही अधिक शहाणे होईल.

या प्रश्नाच्या सर्वांत जवळ गेलेला आपला चित्रपट म्हणजे नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’. ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झालेल्या या हिंदी चित्रपटाची गोष्ट शेजारच्या नागपुरातली. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉलचे काम सुरू केले, त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली आणि त्यावर हा चित्रपट बेतला. अमिताभ बच्चन यांनी साकारलेला विजय बोराडे नशा करणाऱ्या, साखळ्या ओढणाऱ्या पोरांना उपदेश करत नाही. तो त्यांना खेळण्याचे पैसे देतो. काही दिवसांनी पैसे बंद करतो, तोवर मुलांना खेळाची ओढ लागलेली असते आणि ती फुकटात खेळायला तयार होतात. व्यसनमुक्तीच्या आधुनिक उपचारांत याच्या जवळची एक पद्धत आहे. तपासणीत नशा आढळली नाही की रुग्णाला लहानसे बक्षीस मिळते आणि नवी सवय रुजेपर्यंत ते चालू ठेवले जाते. बोराडेचे पैसे नशा न करण्याचे नव्हते, खेळण्याचे होते, हा फरक आहे. तरी नियम तोच: रिकाम्या हाताला आधी दुसरे काही द्या, मग हातातले सोडायला सांगा. चित्रपटाचा उत्तरार्ध पासपोर्ट, पोलिस ठाणे, दाखले आणि वस्तीला कॉलेजपासून तोडणारी भिंत यांच्याकडे वळतो. जात आणि संधी हाच त्याचा विषय असल्याने ते योग्यच आहे. पण मैदानातून परत आलेला मुलगा रात्री कुणाच्या कट्ट्यावर बसतो, हा प्रश्न तिथे मागे पडतो.

वरवर पाहता ‘झुंड’मध्ये देवाधर्माला जागा नाही. पण त्यात आंबेडकर जयंतीचा मोठा प्रसंग आहे आणि विदर्भात त्या जयंतीमागे एक व्रत उभे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञाही आहे. १९५४ साली ज्या भंडाऱ्यातून बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, त्या जिल्ह्यातल्या बौद्ध वस्त्यांना ही प्रतिज्ञा नवी नाही. धर्मांतराच्या क्षणी दारूचा उल्लेख केवळ नीतीपुरता नव्हता. ज्याला अपमान गिळण्यासाठी बाटलीची सवय लावली गेली, त्याने ती खाली ठेवणे हा स्वाभिमानाचा भाग होता. म्हणूनच जयंतीच्या मिरवणुकीत दारू पिऊन नाचणारा तरुण आणि प्रतिज्ञा म्हणणारी त्याची आजी एकाच घरात दिसतात, तेव्हा अडचण प्रतिज्ञेत नसते. आजीच्या पिढीला प्रतिज्ञेबरोबर विहार, बैठक, चळवळ मिळाली होती. नातवाच्या वाट्याला बहुतेक वेळा नुसती प्रतिज्ञा आणि डीजे येतो.

हीच गोष्ट भंडाऱ्यात सर्वांत ठळक दिसते ती ‘परमात्मा एक’ मानव धर्मात. १९२१ साली नागपुरात जन्मलेल्या महानत्यागी बाबा जुमदेवजी यांनी सुरू केलेल्या या मार्गाचे सेवक मोहाडी, तुमसरपासून पूर्व विदर्भातल्या गावोगाव आहेत. एक परमेश्वर, सत्य, मर्यादा, प्रेम, आणि दारू, सट्टा, जुगार यांसारखी व्यसने बंद, असा त्याचा गाभा. कुणी ‘मार्गात आला’ म्हटले की गावात त्याचा पहिला अर्थ तो आता पीत नाही असाच घेतला जातो. हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. नवा माणूस एकटा येत नाही, कुटुंबासह येतो, त्यामुळे बायको-मुले या निश्चयाची साक्षीदारही असतात आणि भागीदारही. त्याला मार्गदर्शक असतो, ठरावीक दिवसांची कार्ये असतात आणि नंतर नियमित चर्चा बैठक असते, जिथे माणसे स्वतःचा अनुभव चारचौघांत उभे राहून सांगतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांनी आधी हेच दुसऱ्या रीतीने केले. पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना यांनी दिवसाची दोन्ही टोके बांधली. रोवणीच्या दिवसांत बांधावरून थकून परतलेल्या किंवा कापणीनंतर हातात पैसे खुळखुळणाऱ्या माणसाला मोहाच्या दारूची वाट दिसते ती साधारण सायंकाळच्या याच वेळी. त्या वेळी त्याला बसायला दुसरी जागा असणे, आणि तिथे तो आला नाही तर कुणीतरी विचारणे, हे औषधाइतके महत्त्वाचे आहे.

हे केवळ स्थानिक निरीक्षण नाही. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या दारू सोडणाऱ्यांच्या परस्पर-मदत गटांच्या संघटनेची बारा पावले ईश्वराला शरण जाण्यावर आधारलेली आहेत, तो ईश्वर कसा मानायचा ते ज्याच्या त्याच्यावर सोडलेले आहे. कित्येक दशके वैद्यकशास्त्र तिच्याकडे संशयाने पाहत होते. मग २०२० साली वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या ‘कोक्रेन’ने २७ अभ्यास आणि १० हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली. दारू पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत या गटांकडे वळवणारे सुव्यवस्थित उपचार इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. हे गट कशामुळे उपयोगी पडतात याची संशोधकांनी छाननी केली, तेव्हा मोठा वाटा आढळला तो ओळखीपाळखीची माणसे बदलण्याचा आणि मोहाच्या प्रसंगी नाही म्हणण्याच्या वाढलेल्या आत्मविश्वासाचा. आध्यात्मिकतेचा वाटा त्याहून कमी होता, पण ज्यांचे व्यसन अधिक गंभीर त्यांच्यात तो वाढलेला दिसला. श्रद्धाळू आणि नास्तिक या दोघांनीही हा निष्कर्ष नीट वाचावा. देव वजा केला तरी बैठक काम करते, आणि बैठक नसेल तर नुसत्या नवसाचा भरवसा धरता येत नाही.

मग खेळ का पुरेसा नाही? संघ, सराव, शिस्त, सोबती हे सगळे मैदानावरही असतेच. पण इथे पुरावा सावध करणारा आहे. खेळणाऱ्या तरुणांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांचा २०१४ साली आढावा घेतला गेला, तेव्हा खेळणाऱ्यांत इतर अमली पदार्थांचा वापर एकंदरीत कमी, पण दारूचा मात्र जास्त आढळला. हे कळायला परदेशी संशोधनाची गरज नव्हती. मंडईच्या जत्रेच्या दिवसांत रात्रभर चालणारे कबड्डीचे सामने आणि बैलांच्या शर्यतींचे शंकरपट पाहिलेल्या माणसाला जिंकल्याची आणि हरल्याची दारू दोन्ही ठाऊक असतात. त्यांना जोडून येणारी पैजही ठाऊक असते. खेळ माणसाला गट देतो, पण तो गट काय पितो हे खेळ ठरवत नाही. ते ठरवायला कुणीतरी उघडपणे घातलेली मर्यादा लागते. धर्ममार्गाच्या बैठकीत ती असते. मैदानात ती प्रशिक्षकाला, मंडळाला, गावाला घालावी लागते. आइसलँडने नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून मुलांची नशा कमी करून दाखवली, तिथेही नुसती मैदाने बांधली गेली नव्हती. मोठ्यांच्या देखरेखीखालचे संघटित खेळ, पालकांनी एकत्र येऊन केलेले करार आणि मुलांनी रात्री घरी असण्याची वेळ यांची ती सांगड होती.

यावर पहिला आक्षेप विवेकवादी घेतील आणि तो रास्त आहे. मार्गात येऊन सुटले ते बैठकीत दिसतात. न सुटलेले बाहेर पडतात आणि मोजले जात नाहीत. म्हणून ‘आमच्याकडे सगळ्यांची सुटते’ या दाव्यावर कुणीही विसंबू नये. त्याहून गंभीर मुद्दा जिवाचा आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर पहिल्या काही दिवसांत हातपाय थरथरणे, झटके येणे, भास होणे, बरळणे असा त्रास होऊ शकतो आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. हे भास बाधा म्हणून किंवा देवाची परीक्षा म्हणून घेतले गेले तर श्रद्धाच घातक ठरते. पण या आक्षेपातून श्रद्धेला हद्दपार करा असा निष्कर्ष निघत नाही. पहिला आठवडा डॉक्टरांचा आणि पुढची वर्षे बैठकीची, अशी विभागणी निघते. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्याही प्रकारची मदत मिळते. उरलेल्या ३७ जणांच्या दाराशी जे कुणी पोहोचते, त्याला नाकारण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडून घेणेच शहाणपणाचे.

दुसरा आक्षेप पुन्हा प्यायलेल्या माणसाचा आहे. शपथ जितकी पवित्र, तितकी ती मोडल्याची लाज मोठी. व्यसन हा पुन्हापुन्हा उलटणारा आजार आहे, असे वैद्यक सांगते. श्रद्धेच्या भाषेत मात्र उलटणे म्हणजे पाप होते आणि लाजेने माणूस पुन्हा गुत्त्यावरच जातो. या बाबतीत २०२० चा ‘द वे बॅक’ हा अमेरिकी चित्रपट आपल्या लेखक-दिग्दर्शकांनी पाहावा. बेन ॲफ्लेकने साकारलेला दारुडा प्रशिक्षक आपल्या जुन्या कॅथलिक शाळेच्या बास्केटबॉल संघाला जिंकायला शिकवतो आणि तरीही पुन्हा पितो, नोकरी गमावतो, उपचार केंद्रात जातो. संघ त्याच्याविना खेळतो. विजयाने व्यसन बरे होत नाही, हे सांगण्याचे धैर्य त्या चित्रपटात आहे. बैठकीनेही हे धैर्य दाखवावे. घसरलेल्या माणसाला परत येण्याचे दार जिथे उघडे असते, तिथली श्रद्धा टिकाऊ. जिथे तो वाळीत पडतो, तिथली श्रद्धा फक्त यशस्वी लोकांचा मेळावा.

तिसरा आक्षेप घटनेच्या बाजूने येतो. सरकारने धर्ममार्गांना हाताशी धरले तर ज्याला तो मार्ग मान्य नाही त्याचे काय? सरकारी पैसा आणि सरकारी सक्ती कुठल्याही पंथाला मिळू नये, यात दुमत नाही. म्हणूनच मैदान महत्त्वाचे ठरते, कारण ते कुणाच्याही देवाचे नसते. बौद्ध विहारात जाणारा, सेवक असलेला आणि कशालाच न मानणारा असे तिघेही तिथे एका संघात उतरू शकतात. सरकारच्या हातातला दुसरा, कायद्याने बंदीचा पर्याय वापरून झालेला आहे: गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदी दुकान बंद करू शकते, पण माणसाने संध्याकाळी कुठे बसावे याची सोय करू शकत नाही.

ती सोय करणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहे. मैदानावर रात्री नऊपर्यंत दिवे, सराव घेणारा एक जबाबदार माणूस, दारू पिऊन आलेल्याला त्या दिवशी खेळू न देण्याचा पण दुसऱ्या दिवशी परत बोलावण्याचा नियम, मंडईच्या सामन्यांच्या बक्षीस समारंभात दारूला पूर्ण मज्जाव, आणि गावातल्या मार्गदर्शकांना, भिक्खूंना, सेवा मंडळांना दारू सोडताना दिसणारी धोक्याची लक्षणे ओळखायचे आरोग्य खात्याचे प्रशिक्षण. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. लागते ते सातत्य. चित्रपट करणाऱ्यांकडूनही अपेक्षा तेवढीच आहे. पूर्व विदर्भावर पुढचा खेळपट निघेल तेव्हा त्यातल्या नायकाची दारू अंतिम सामन्यात सुटू नये. ती बुधवारी, कुठलाही सामना नसताना, बैठकीला किंवा सरावाला गेल्यामुळे त्या दिवसापुरती सुटलेली असावी आणि गुरुवारी पुन्हा सोडावी लागावी. श्रद्धेची खरी कसोटी तिथेच लागते आणि तिथेच तिचा खरा उपयोगही असतो.