नीलम घ्यायचा, पण कशाच्या भरवशावर?

चांदीची भांडी लिंबाच्या रसात नि मिठात भिजवून घासली की लख्ख निघतात, हे मी मागे याच सदरात सांगितलं होतं. त्या सल्ल्याला आज एक पुरवणी जोडायची आहे. खड्याची अंगठी त्या पाण्यात टाकू नका. आणि खडा नीलम असेल, किंवा घ्यायचं घरात चाललं असेल, तर मैत्रिणींनो, आधी आमच्या घरची हकीकत ऐका.

त्याचं असं झालं. मार्च २०२५ मध्ये शनी मीन राशीत गेला आणि मेषेची साडेसाती सुरू झाली. आमच्या ह्यांची रास मेष. पिरंगुटच्या ज्या कारखान्यात हे नोकरीला आहेत, तिथे त्याच सुमारास माणसं कमी करायला लागले. सासूबाईंनी दोन्हींची सांगड घातली. एका ज्योतिषांनी पत्रिका बघून लिहून दिलं: सव्वापाच रत्तीचा नीलम, चांदीत, मधल्या बोटात, शनिवारी. दुकानही त्यांनीच सुचवलं. किंमत ८५,००० रुपये! माझ्याजवळ मुलीच्या फीचे पैसे होते, ते मी काढू दिले नाहीत. तेव्हा सासूबाईंनी एक शब्द न बोलता लग्नातल्या पाटल्यांपैकी एक मोडली. तीन रात्री खडा ह्यांच्या उशाखाली ठेवला. वाईट स्वप्न पडलं नाही, म्हणजे ‘लागला’ म्हणायचा. अंगठी बोटात गेली.

गौरी-गणपतीच्या आदल्या आठवड्यात मी पूजेची चांदी काढली. ह्यांची अंगठी काळवंडली होती, म्हणून तीही निरांजनाबरोबर लिंबाच्या पाण्यात टाकली आणि रात्रभर विसरले. सकाळी पाहते तो काय, निळ्या खड्यावर पांढऱ्या रेघांचं जाळं, कोळ्यानं विणावं तसं! माझ्या पोटात गोळाच आला. आता घरात काय ऐकावं लागणार? पण सासूबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, “बरं झालं गं बाई. माझ्या लेकावरचं त्या दगडानं अंगावर घेतलं.”

माझी बी.ए.ची पदवी मराठीतली, रसायनशास्त्राशी माझा संबंध नाही. पण शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “अहो, खऱ्या नीलमला लिंबू काय करणार?” तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खडा मुंबईला भावाकडे पाठवून प्रयोगशाळेत तपासून घेतला. कागदावर आलं: कुरुंद, काच भरलेला.

कुरुंद हा शब्द आपल्याला नवा नाही. धार लावायला जो कुरुंदाचा दगड वापरतात, त्याच जातीचा हा खडा. नीलम, माणिक आणि पुष्कराज ही तिन्ही एकाच आईची लेकरं; अ‍ॅल्युमिनियम आणि प्राणवायू मिळून झालेली. त्यात क्रोमियमचा अंश उतरला की माणिक, लोखंड आणि टिटॅनियमचा उतरला की नीलम. हिऱ्याचा कठीणपणा १० धरला तर याचा ९. सुरी लागत नाही, लिंबू-चिंच बाधत नाही.

मग आमच्या खड्याचं काय झालं? भेगाळलेला, फिकट, कवडीमोल कुरुंद घेतात आणि त्याच्या भेगांत शिसं घातलेली निळी काच वितळवून भरतात. वरून पाहावं तर गर्द निळा, झळझळीत नीलम. लिंबाच्या रसानं काच खाल्ली, भेगा उघड्या पडल्या. असा खडा एकदम खोटा म्हणता येत नाही आणि खरा म्हणून विकता येत नाही. किंमत म्हणाल तर खऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही.

सगळी प्रक्रिया म्हणजे फसवणूक, असंही मात्र नव्हे. बाजारातले बहुतेक नीलम भट्टीत तापवलेले असतात. श्रीलंकेतले दुधट, पांढरट खडे दीड हजार अंशांच्या वर तापवले की सुरेख निळे होतात, हे १९७० नंतर थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ओळखलं. रंग टिकतो, खडाही टिकतो. फक्त ‘तापवलेला’ असं सांगून विकावा, कारण न तापवलेल्याचा भाव कितीतरी पट असतो. तिसरा प्रकार कारखान्यात बनवलेल्या नीलमचा. व्हर्नई नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९०२ मध्ये असं माणिक जाहीर केलं, पाठोपाठ नीलमही आला. तो रसायनानं अगदी खऱ्यासारखा. फक्त भिंगाखाली त्यातल्या रेघा वळणदार दिसतात. चौथी आपली नीली, म्हणजे आयोलाइट. तिचा दगडच वेगळा. उपरत्न म्हणून स्वस्तात घेतली तर बिघडत नाही, नीलमच्या भावात घेऊ नये.

अस्सलाची किंमत आधी रंगावर. फार काळा नको, फार फिका नको; रात्री दिव्याखालीही निळा दिसला पाहिजे. दुकानातल्या झगमगाटात सगळंच सुंदर दिसतं, म्हणून खडा दारापाशी उजेडात आणून बघावा. सगळ्यात मान काश्मिरी नीलमला. १८८१ च्या सुमारास किश्तवाडकडच्या पाडर भागात दरड कोसळली आणि हे खडे उघडे पडले. मखमलीसारखा, मोराच्या मानेचा रंग! पण ती खाण थोड्याच वर्षांत आटली. तेव्हा आज कुणी ‘ताजा काश्मिरी माल’ म्हणून पुढे करू लागला तर हसून पर्स बंद करावी.

वजनाची गोमही सांगते. मूळ रत्ती म्हणजे गुंज, साधारण ०.१२ ग्रॅमची. खड्यांच्या बाजारातली रत्ती सुमारे ०.१८ ग्रॅमची. कॅरट मात्र जगभर ०.२ ग्रॅमच. आमची सव्वापाच रत्ती म्हणजे पावणेपाच कॅरट, हे मला खडा गेल्यावर कळलं. भाव कॅरटमध्ये विचारावा.

दुधात टाकला की दूध निळं दिसतं तो खरा, अशी एक परीक्षा सांगतात. अहो, निळ्या काचेनंही दूध निळं दिसतं! आमच्याही दुकानदारानं हीच करून दाखवली होती, आणि आम्ही तिघं वाटीत डोकावून खूश. त्यापेक्षा अंगठीत बसवण्याआधी सुटा खडा प्रयोगशाळेत द्यावा. मुंबईला जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, मोठ्या शहरांत इतरही आहेत. दुकानदार स्वतःचं कार्ड देतो ते धरू नये. पक्कं बिल घ्यावं आणि त्यावर ‘नैसर्गिक नीलम, इतके कॅरट, तापवलेला किंवा न तापवलेला, काच न भरलेला’ असं लिहून मागावं. लिहायला का-कू केली तर समजावं. बिल असलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं, वकील नसला तरी चालतं. आमच्याजवळ होती एक चिठ्ठी, ‘१ नीलम, सव्वापाच’ एवढीच. दुकानदार म्हणाला, “लिंबात तुम्ही टाकलात, बाई.” यावर मी काय बोलणार? पैसे गेले ते गेलेच.

आता शनीचं. मी श्रद्धा मोडायला बसलेले नाही. आमच्याकडे शनिवारी मारुतीला तेल जातं आणि मीच घालते. पण शनिमाहात्म्यातला विक्रमराजा आठवून पाहा. चित्रातला हंस हार गिळतो, चोरीचा आळ येतो, हातपाय तुटतात, तेल्याच्या घाण्यावर बसावं लागतं. त्याची साडेसाती सरते ती दिवस भरल्यावर. सव्वापाच रत्तीचा खडा घेऊन नव्हे. शिंगणापूरला, जिथं २०१६ च्या गुढीपाडव्याला चौथऱ्याची वाट बायकांनाही मोकळी झाली, तिथंही देवाला वाहतात ते तेल. तेलाला किती पैसे पडतात?

आणि गंमत बघा. ज्या खड्याला आपण बिचकून उशाखाली ठेवतो, तो तिकडे विलायतेत निष्ठेची खूण म्हणून साखरपुड्यात घालतात. १९८१ मध्ये डायनाच्या बोटात १२ कॅरटचा सिलोनी नीलम आला. संसार मोडला, अंगठी राहिली, आणि २०१० मध्ये तिच्या थोरल्या मुलानं ती आपल्या वाग्दत्त वधूला घातली.

तपासणीचा कागद मी तीन दिवस कपाटात ठेवला. दगडानं लेकाचं संकट घेतलं, या समाधानात असलेल्या बाईला काच म्हणून कसं सांगायचं? हे म्हणाले, सांगू नकोस. पण नणंदेचा फोन आला. तिच्या मुलीचं लग्न जमत नाही म्हणून त्याच ज्योतिषांनी पुष्कराज सुचवला होता. मग मात्र मी कागद सासूबाईंपुढे ठेवला आणि वाचून दाखवला. त्या बराच वेळ उरलेली पाटली फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, “तिला सांग, आधी तपास म्हणावं.” पुष्कराज म्हणून पिवळा टोपाझ गळ्यात मारतात, तेही मी नणंदेला कळवलं.

ह्यांची नोकरी टिकली. कशामुळे, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

राहिली अंगठी धुण्याची रीत. कोमट पाणी, अंगाच्या साबणाचे चार थेंब, मुलांचा जुना मऊ ब्रश. खड्याच्या खालच्या बाजूनं हलकेच घासावं, साध्या पाण्यानं धुवावं, सुती कापडानं टिपावं. खड्याची अंगठी उकळत्या पाण्यात, सोड्यात, चिंचेत किंवा लिंबात कधीही टाकू नये.