माळ्यावरची दुर्बीण, तळ्यावरचे पक्षी

मैत्रिणींनो, एका वाचक भगिनीनं विचारलंय, "21 डिसेंबर 2020 च्या गुरू-शनी युतीच्या वेळी मुलांसाठी हौसेनं दुर्बीण घेतली. तेव्हापासून ती माळ्यावर पडून आहे. विकून टाकू का?"

मुळीच विकू नका. धूळ झटका आणि तळ्याकाठी न्या. ताऱ्यांसाठी केलेली दुर्बीण पाखरांसाठीही छान चालते, आणि रोजच्या वापरातल्या फोननं तिच्यातून फोटोसुद्धा निघतो. 1999 च्या सुमारास मलेशियातले पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी दुर्बिणीला छोटा डिजिटल कॅमेरा लावून पक्ष्यांचे फोटो काढले आणि ही युक्ती देशोदेशी पसरली. पक्ष्यांसाठी लागणारी मोठी भिंगं आपल्या महिन्याच्या हिशेबात कुठली बसायला! घरातली दुर्बीण मात्र फुकटात कामाला येते.

आधी थोडं गणित. नळीवर केंद्रांतर 700 मिलिमीटर लिहिलेलं असेल आणि डोळा लावायची नेत्रिका 25 ची असेल, तर 700 भागिले 25, म्हणजे 28 पट मोठं दिसतं. 84 मीटरवरचा खंड्या जणू तीन मीटरवर येऊन बसतो. 10 ची नेत्रिका लावली की 70 पट होतं, पण चित्र अंधारं होतं आणि जरा हात लागला तरी पक्षी चौकटीबाहेर जातो. तेव्हा पक्ष्यांसाठी मोठ्या आकड्याची नेत्रिकाच घ्यावी.

पहिल्या दिवशी मुलं ओरडतील, "आई, पक्षी उलटा!" घाबरू नका, दुर्बीण बिघडलेली नाही. आरशाच्या दुर्बिणीत चित्र डोकं खाली, पाय वर असं दिसतं. भिंगाच्या दुर्बिणीला मागे काटकोनी आरसा असेल तर चित्र सुलट, पण डावं-उजवं बदललेलं असतं. ताऱ्यांना खाली-वर काय, म्हणून करणाऱ्यानं त्याची फिकीर केलेली नसते. फोटो नंतर फोनमध्येच फिरवून घ्यावा. गंमत म्हणजे उजनीच्या पाणफुगवट्यावर येणारा रोहित चोच उलटी करूनच पाण्यातलं अन्न गाळतो. त्याला उलट्या दुर्बिणीतून जरूर पाहा!

फोटो काढताना आधी डोळ्यानं चित्र स्पष्ट करून घ्या. मग फोनचं भिंग नेत्रिकेच्या बरोबर मध्यावर धरा. काळं वर्तुळ दिसलं तर फोन किंचित मागेपुढे करा. उरलेली काळी कड फोनवर चित्र थोडं मोठं केलं की जाते. हात हलतोच, म्हणून जाड पुठ्ठ्याची नळी नेत्रिकेवर घट्ट बसेल अशी करावी आणि तिच्या तोंडाशी फोन टेकवावा. बटण दाबल्यानं होणारी थरथर टाळायला फोनचा दोन-तीन सेकंदांचा टायमर लावावा. तिपाई डुगडुगत असेल तर तिच्या मध्यावर दोनेक किलो ज्वारीची पिशवी टांगा. आपल्या सोलापुरात ज्वारीला काय तोटा!

वेळ सकाळचीच बरी. नऊनंतर आपल्याकडे जमिनीवरून झळा उठू लागतात आणि चित्र पाण्यासारखं हलतं. त्यावर कुठल्याच भिंगाचा इलाज नाही. सूर्य पाठीशी ठेवून बसा. एक गोष्ट मात्र मुलांना दहादा बजावा : दुर्बीण सूर्याकडे क्षणभरही वळवायची नाही. एका नजरेत डोळा कायमचा जाऊ शकतो. दुर्बिणीपाशी मुलांना एकटं सोडू नका.

सुरुवात गावातच करावी. सिद्धेश्वर तलावावर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात. तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याच्या तलावावर हिवाळ्यात हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब उतरतात. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी पक्षीही पाहा. पंढरीच्या जिल्ह्यात त्याची ओळख नको का?

आता खरी सांगायची गोष्ट. हल्ली ज्याच्या त्याच्या हातात फोन आहे, आणि फोटोसाठी माणसं घरट्यापर्यंत जाऊन भिडतात. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. उन्हाळ्यात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. आपण जवळ जाऊन उभं राहिलो की ती उठते, ओरडत घिरट्या घालते, आणि तेवढा वेळ अंडी सोलापूरच्या उन्हात भाजत राहतात. फोटो आपल्याला मिळतो, पिल्लू तिचं जातं. आपण बाळाला झोपवत असताना कुणी खिडकीत येऊन उभं राहिलं तर चालेल का आपल्याला?

आपल्या जिल्ह्यानं या बाबतीत फार मोठं नुकसान पाहिलं आहे. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नज. तिथल्या माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालं. हा पक्षीही जमिनीवरच, बहुधा एकच अंडं घालतो. शिकार, माळरानं नांगराखाली जाणं, विजेच्या तारा, अशा अनेक कारणांनी तो घटत गेला. आज देशभरात मोकळ्या रानात दोनशेहूनही कमी माळढोक उरले आहेत, तेही मुख्यतः राजस्थानात. ज्याची संख्या इतकी थोडी, त्याचं एक अंडं वाया जाणंही परवडत नाही.

म्हणूनच मला ही दुर्बीण मोलाची वाटते. ती आपल्याला लांब थांबायला शिकवते. पक्षी मान वर करून आपल्याकडे बघू लागला, चरायचा थांबला, की समजावं आपण फार जवळ आलो. चार पावलं मागे सरावं. भडक साडीऐवजी मातकट रंगाची नेसावी. घरट्याचा फोटो मिळालाच तर जागेचं नाव सगळ्यांना कळवत बसू नये. अभयारण्यात वनखात्याचे नियम पाळूनच जावं.

मुलांकडून एक वही जरूर करून घ्या : तारीख, वेळ, जागा, पक्षी काय करत होता. 'पक्षिकोश' लिहिणारे मारुती चितमपल्ली याच सोलापुरात 1932 साली जन्मले. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या गावच्या मुलांना दहा पक्ष्यांची मराठी नावं तरी यायला हवीत.

शेवटी जपणुकीचं. भिंग पदरानं पुसू नका, चरे पडतात. तोंडानं फुंकरही नको, दमट वाफ बसते. मऊ कुंचल्यानं धूळ हलकेच झटका, झाकणं लावा आणि पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून अधूनमधून पेटी उघडून पाहा. आणि यंदाच्या हिवाळ्यात कोणते पाहुणे दिसले, ते जरूर कळवा.