वारा, पाती आणि केळीचं पान

लिफ्ट आणि ड्रॅग म्हटलं की आपल्यासारख्यांच्या डोळ्यासमोर विमान नाहीतर फॉर्म्युला वनची गाडी येते. अहो, खान्देशात या! इथे ही दोन्ही बलं शेताशेजारी भेटतात.

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत. त्यांची पाती चालतात लिफ्टवर, म्हणजे हवेच्या प्रवाहाला काटकोनात मिळणाऱ्या बलावर. वाऱ्याने नुसतं ढकललेलं चाक वाऱ्यापेक्षा जोरात पळू शकत नाही. लिफ्टवर फिरणाऱ्या पात्याचं टोक मात्र वाऱ्याच्या कितीतरी पट वेगाने जातं. म्हणून तर ती पाती विमानाच्या पंखासारखी घडवतात.

जळगाव जिल्ह्यात, रावेर-यावलकडच्या केळीत, वाऱ्याचं दुसरं रूप दिसतं. तिथे ड्रॅग, म्हणजे वाऱ्याच्याच दिशेने बसणारा रेटा. हा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३६ किमी वाऱ्यात एक चौरस मीटर सपाट फळीवर साधारण ७ किलो वजनाइतका रेटा बसतो. ७२ किमीला तोच २८ किलो. वेग दुप्पट, मार चौपट.

केळीचं पान यावर उपाय करतं: शिरांच्या रेषेत फाटतं. पट्ट्या वाऱ्याबरोबर लवतात, रेटा कमी होतो. आपल्या भाषेत ग्रेसफुल डिग्रेडेशन! पवनचक्कीसुद्धा वादळात पाती वळवून कड वाऱ्याकडे करते आणि थांबते. पण केळीच्या खोडाचं काय? ते लाकूड नाहीच, एकावर एक गुंडाळलेले पानांचे तळ आहेत ते. त्यात निसवलेल्या केळीला एका बाजूला जड घड लोंबतो. मे-जूनच्या वादळात वर्षभराची मेहनत अर्ध्या तासात आडवी होते.

मग पंचनामे, विमा, भरपाई. ते हवंच. पण माझं म्हणणं असं, की त्याच्या निम्मं तरी आपण बांधावरच्या शेवरीबद्दल बोलावं. शेवरीची दाट रांग ड्रॅगच वापरते. तिच्या असंख्य फांद्या वाऱ्याचा जोर स्वतःवर घेतात, आणि मागे रांगेच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वारा मंदावतो. पक्की भिंत इतकी उपयोगाची नाही. तिच्यावरून उसळलेला वारा मागे भोवरे करून आपटतो. थोडा वारा आरपार जाऊ देणारी आडच बरी.

कोणी म्हणेल, रांग जागा खाते, पाणी पिते, सावली पाडते. खरंय. दोन एकरवाल्याला ते एकट्याने परवडणार नाही. म्हणूनच ही रांग एकेका शेताची न ठेवता शिवाराची करावी, शेजाऱ्यांनी मिळून लावावी. आणि सरकारने ठिबकसाठी जसा हात सैल सोडला, तसा यासाठीही सोडावा. वारा काही सातबारा बघून येत नाही.

बघा, पटतंय का.