पैदाशीचे नवे मानदंड आणि आपले गोघृत

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात गव्य घृतास सर्व घृतांत श्रेष्ठ मानले आहे. फलघृत असो वा ब्राह्मी घृत, त्यातील वनस्पतींची पारख आपण काटेकोरपणे करतो. परंतु ज्या गाईचे तूप कढईत पडते तिची पैदास कोणत्या हेतूने झाली, हे क्वचितच विचारतो. हा प्रश्न आता टाळता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम येथे गोवंशासाठी 'गौचिप' व म्हशींसाठी 'महिषचिप' यांचे लोकार्पण झाले. पूर्वी वळूची योग्यता ठरविण्यासाठी त्याच्या मुली दुधात येईपर्यंत अनेक वर्षे थांबावे लागे. आता वासराच्या जनुकीय चाचणीवरून अंदाज बांधता येतो. हे साधन स्वागतार्ह आहे. मात्र चिप केवळ जनुके वाचते. त्यांचा अर्थ लावण्यास असंख्य गाईंच्या प्रत्यक्ष नोंदी लागतात, आणि ज्या गुणाची नोंद होते त्याच गुणाची निवड होते.

आमची चिंता येथेच आहे. केवळ लिटर मोजले, तर पुढील पिढ्या लिटरांसाठीच घडतील. दुधाचे प्रमाण आणि स्निग्धांशाची टक्केवारी यांचा आनुवंशिक संबंध सामान्यतः व्यस्त असतो. दूध वाढेल, पण किलोभर तुपास ते अधिक लागेल. शिवाय अतिपर्जन्याच्या डोंगराळ मुलखात तग धरणारी डांगी वा शेतकामाची खिल्लार या मापात शेवटी उभी राहते. तिच्या जागी सर्वत्र एकाच नामवंत जातीचे रेतन झाले, तर ते नुकसान भरून निघणारे नाही.

दुसरी गोष्ट अंकांची. अमेरिकेत वळूंच्या मूल्यमापनाचा आधार दर पाच वर्षांनी बदलतात. एप्रिल २०२५ मध्ये तो २०१५ साली जन्मलेल्या गाईंवरून २०२० च्या गाईंवर आणला गेला आणि होल्स्टीन वळूंचा स्निग्धांशाचा अंक सुमारे ४५ पौंडांनी उतरला. वळू तोच, त्याच्या मुलीही त्याच. सरकली ती मोजपट्टी. आपल्याकडेही नोंदी वाढतील तसे अंक सुधारले जातील. म्हणून दोन वेगवेगळ्या वर्षांच्या याद्यांतील अंकांची तुलना करून रेतमात्रा निवडणे चुकीचे ठरेल. मानदंड बदलला म्हणून ध्येय बदलण्याचे कारण नाही. ध्येय निश्चित नसेल, तर मात्र प्रत्येक नवी यादी पशुपालकास नव्या दिशेने ओढील.

"हा पशुवैद्यकाचा विषय, आपला नव्हे," असे काही वैद्यबंधू म्हणतील. आम्हांस ते मान्य नाही. औषधनिर्माता हा तुपाचा ग्राहक आहे आणि ग्राहक ज्याचे मोल देतो तेच पशुपालक जोपासतो. तेव्हा तूप घेताना गाईची जात व वंशावळ विचारावी. प्रत्येक गाईच्या दुधाची व स्निग्धांशाची मासिक नोंद मागावी आणि त्या श्रमाचा मोबदला दरात द्यावा. स्थानिक जातीचे शुद्ध वळू राखणाऱ्यास खरेदीची हमी द्यावी. गाभण राहण्यातील नियमितता व कासेचे आरोग्य यांच्याही नोंदी व्हाव्यात, असा आग्रह आपल्या संघटनेने पशुसंवर्धन खात्याकडे धरावा.

मानदंड ठरविले जात असताना आपण मौन पाळले, तर पुढे तुपाच्या गुणवत्तेविषयी तक्रार करण्याचा अधिकार आपणांस उरणार नाही.