जड जिभेवरचा निकाल

आपल्याकडे वाणीला फार मान. मूल घडाघडा बोलले की हुशार, अडखळले की मंद आणि बोललेच नाही की खुळे! या न्यायासनापुढे डाउन सिंड्रोमचे मूल आले की साक्षीपुरावा न घेताच निकाल लागतो : ‘याला काही कळत नाही.’ हा निकाल साफ खोटा आहे.

या मुलांत एकविसाव्या गुणसूत्राचा अंश अधिक असतो, हे १९५९ साली फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले. त्यापायी ओठाजिभेचे स्नायू सैल पडतात. पुष्कळांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचते. ऐकूच अर्धेमुर्धे येते. ऐकलेले शब्द ओळीने ध्यानात ठेवणे जड जाते. पाहिलेले मात्र त्यामानाने चांगले राहते. आणि बहुतेकांना बोलता येते त्याहून समजते अधिक. दार अडकले म्हणून घर ओसाड म्हणायचे काय?

पण एवढा विचार करतो कोण? कापूरहोळला, जिथे सातारच्या हमरस्त्यावरून भोरची वाट फुटते, त्या फाट्यावर अशा मुलाला कुणी नाव विचारावे. उत्तर आई देते, मामा देतो, शेजारची मावशीही देते. मूल अजून ओठ जुळवीत असते! ‘बोलेल उशिरा,’ म्हणून कान तपासायचे राहून जातात. ‘खुणा शिकवू नका, आळशी होईल,’ असेही शहाणे सांगतात. अहो, आजी नातवाला ‘जेजे’ करायला हात जोडून शिकवते, त्याने कोणते मूल मुके झाले? खूण ही शब्दाकडे नेणारी पायरी आहे.

मी मास्तर आहे. माझ्या जातभाईंनाही सोडणार नाही. पाठांतर म्हणजे बुद्धी, हा आमचा जुना भ्रम. या मुलांपुढे चित्र आणि छापील शब्द ठेवून पाहा. त्यांतली कितीतरी वाचू लागतात आणि वाचनाच्या आधाराने बोलू लागतात.

अशाच एका मुलीच्या आईबापांनी मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा काढली. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने गावच्या शाळेलाही या मुलांना सामावून घेण्यास बांधले आहे. पण वर्गात घेऊन कोपऱ्यात बसवले, तर त्या कायद्याची किंमत काय?

वाचकहो, असे मूल भेटले तर त्यालाच विचारा आणि मनात दहा अंक मोजा. तोवर गप्प बसण्याची पाळी आपली आहे.